अकरा फ्रेम

सभागृहातले दिवे उतरले तेव्हा
मी तिकिटाचा तुकडा बोटांत घोळवत होतो.
ओसाका. रांग सातवी, खुर्ची एकोणीस.
समोर सत्तर वादक,
आणि पत्रिकेत छापलेलं, एकही अक्षर न गाळता:
संगीत, ओगिनो नात्सुए.

सत्त्याऐंशी साली पडद्यावर तिचं नाव ‘नाचू’ होतं,
माझं ‘टोफू’.
खरी नावं दिसली तर दुसरी कंपनी माणसं पळवील,
अशी साहेबांना धास्ती.

आमागासाकीत, नटबोल्टच्या गोदामावरची खोली.
खाली दिवसभर पिंपात लोखंड ओतायचे.
ती कानांत कापूस घालून आकडे टाइप करायची.
आई फोनवर विचारायची, हल्ली काय वाजवतेस?
ही म्हणायची, कीबोर्ड.
खोटं नव्हतं ते.

यंत्राला कंठ चार.
दोन चौकोनी, एक त्रिकोणी,
चौथ्याच्या नशिबी नुसती खरखर.
आणि सगळ्या गाण्यांना मिळून जागा दोन किलोबाइट.
आज एखाद्या फोटोतली भुवईसुद्धा त्यात मावायची नाही.

मी उडीचा आवाज केला होता.
पाणमांजर खड्ड्यावरून उडी मारतं: टुंई.
त्याला एक कंठ हवा होता.
मी तिचा दुसरा चौकोनी घेतला.
विचारलं नाही.
पोरानं बटण दाबलं की तिच्या सुराच्या तोंडातला घास
माझं मांजर पळवायचं.

ती टेबलाशी आली. चिडलेली नव्हती.
‘किती वेळ?’
‘अकरा फ्रेम. सेकंदाचा पाचवा हिस्सा.’
‘बरं,’ म्हणाली, आणि गेली.

मग आठवडाभर ती नूडलवाल्याच्या मुलाला
आमच्या खोलीत बसवून खेळवत होती.
पडद्याकडे बघत नव्हती. त्याच्या अंगठ्याकडे बघायची.
नंतर जी चाल आली
ती कुठेही कापा, उसवायची नाही.
दुसरा आवाज मध्येच गेला तर वाटायचं,
जिन्यात कुणी म्हातारं माणूस दिसलं
म्हणून तो भिंतीला टेकलाय.

हरल्यावरचं संगीत चार सेकंदांचं.
त्यावर तिनं एकवीस दिवस घालवले.
साहेब ओरडले. ती म्हणाली,
‘त्या वेळी मूल एकटं असतं.’

पुढे सीडी आल्या, खरी व्हायोलिनं आली,
जागेला तोटा उरला नाही,
आणि आमची कंपनी बुडाली.
तिनं पाचिंकोच्या यंत्रांसाठी लिहिलं.
भात शिजला हे सांगणाऱ्या कुकरची धून लिहिली;
ती माझ्या घरी अजून रोज सकाळी सव्वासहाला वाजते,
बायकोला ठाऊक नाही ती कुणाची.
मग तोत्तोरीला जाऊन पोरांना पियानो शिकवला,
नऊ वर्षं, का दहा.
नववर्षाचं कार्ड यायचं. तेवढंच.

आता ओबो वाजतोय.
दुसरा आवाज, अख्खा, पहिल्यांदाच.
कुणी त्याला अडवत नाही.
इतका देखणा होता तो, मला माहीतच नव्हतं.
मला बसवेना.
रांगेत सगळे पंचेचाळिशीचे, टक्कल पडू लागलेले,
मांडीवर अंगठे हलताहेत.
पाचव्या मात्रेनंतर खड्डा आला
आणि माझ्या तोंडून निसटलं,
टुंई.

शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं.
पुढे दुसऱ्या रांगेत पांढऱ्या केसांचं एक डोकं
जरासं हललं,
वळलं नाही.

शेवटी, टाळ्या थांबेनात म्हणून, आणखी एक वाजवलं.
चार सेकंद.
सत्तर जणांनी, अगदी हळू.
मग कुणालाच कळेना, संपलं की नाही.
सगळे गप्प बसून होतो,
कुणीतरी पुन्हा सुरू करील
या आशेनं.